पान उघडते, पण आवाज पोहोचत नाही: स्वतःच्या जित्सी सर्व्हरवरील जोडणीचे दोष टप्प्याटप्प्याने कसे शोधावेत

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा व्हिडिओ बैठकीचा सर्व्हर मी सांभाळतो. गावोगावच्या बारा केंद्रांना जोडून आठवड्याला एक बैठक होते. पावसाळ्यात गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढू लागला की ती दिवसाआड घ्यावी लागते. अशाच कामासाठी जित्सी मीट (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे व्हिडिओ बैठकीचे सॉफ्टवेअर) बसवलेले कार्यकर्ते वाशीम, बुलडाणा, गडचिरोली या जिल्ह्यांतून मला फोन करतात, आणि जवळजवळ प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू होतो: "भाऊ, लिंक तर उघडते, पण आवाजच येऊन नाही राहिला." पुढचे वाक्यही ठरलेले असते. सर्व्हर पुसून सगळे पुन्हा बसवले, तरी फरक पडला नाही, असे ते सांगतात.

पुन्हा बसवून हा दोष बहुधा जात नाही, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये नसून रस्त्यात असतो. त्यामुळे आधी दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवायचे आणि मगच काहीही बदलायचे, हा क्रम येथे शेवटपर्यंत पाळला आहे. उबुंटू किंवा डेबियनवर पॅकेजमधून बसवलेला जित्सी मीट येथे गृहीत धरला आहे. डॉकर (सेवा वेगळ्या कप्प्यांत चालवण्याचे साधन) वापरणाऱ्यांसाठी वेगळे असेल तेथे तसे सांगितले आहे. फाइलींची, सेवांची आणि कमांडची नावे येथे देवनागरीत असली तरी संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात.

आधी एवढे समजून घ्या: रस्ते दोन आहेत

बैठकीचे पान उघडणे, नाव टाकणे, खोलीत शिरणे आणि गप्पांचा मजकूर जाणे हे सगळे टीसीपी ४४३ या पोर्टवरून होते (पोर्ट म्हणजे सर्व्हरचे क्रमांकित दार; टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती). आवाज आणि चित्र मात्र यूडीपी १०००० या वेगळ्याच पोर्टवरून व्हिडिओब्रिज नावाच्या सेवेकडे जातात. पहिला रस्ता मोकळा आणि दुसरा बंद असेल, तर खोली उघडते, इतरांची नावे दिसतात, पण चौकटी काळ्या राहतात आणि आवाज येत नाही. म्हणून "पान उघडते" यावरून सर्व्हर नीट चालतो असे समजू नये. त्यावरून फक्त पहिला रस्ता मोकळा असल्याचे कळते.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. खोलीत दोनच जण असतील तर जित्सी त्यांचा आवाज आणि चित्र शक्यतो थेट एकमेकांकडे पाठवते, मध्ये व्हिडिओब्रिज येत नाही. तिसरा माणूस आला की सगळे ब्रिजवरून जाऊ लागते. मी स्वतः पहिल्या मोठ्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी दोन फोन घेऊन चाचणी केली, ती उत्तम झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाराही केंद्रांवर शेतकरी मुक्या पडद्यापुढे बसून राहिले. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये (कोणता पोर्ट बाहेरून उघडा ठेवायचा ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात) १०००० हा पोर्ट मी यूडीपीऐवजी टीसीपी म्हणून उघडला होता. दोन फोनांची चाचणी हा दोष दाखवूच शकत नव्हती.

तयारी

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय कामाला लागू नका.

१. तीन उपकरणे घ्या आणि ती तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर ठेवा: एक फायबरच्या वायफायवर, एक एका कंपनीच्या मोबाइल डेटावर, एक दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर. तिन्ही फोन एकाच वायफायवर असतील तर त्या चाचणीवरून काहीही सिद्ध होत नाही.

२. दुसऱ्या गावात फोनवर बोलू शकणारा एक माणूस आधीच सांगून ठेवा. आमच्या केंद्रावरील ताई हे काम इतक्या सरावाने करतात की पडद्यावर जे दिसते ते त्या शब्दशः वाचून दाखवतात. तेवढेच हवे असते. "चालत नाही" या उत्तराचा उपयोग होत नाही.

३. 'ईटीसी' फोल्डरमधील जित्सी, प्रॉसडी, एनजिनएक्स आणि कोटर्न (या सेवा काय करतात ते टप्पा ४ आणि ६ मध्ये येईल) यांच्या सेटिंगची प्रत काढून तारखेसह वेगळी ठेवा.

४. एक वही ठेवा. वेळ, काय बदलले आणि त्यानंतर काय दिसले, या तीन गोष्टी प्रत्येक बदलासाठी लिहा.

सावधान: एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि सर्व्हर सुरू झाला, तर कोणत्या बदलाने तो सुरू झाला हे कळत नाही, आणि उरलेले दोन अनावश्यक बदल पुढे कधीतरी त्रास देतात.

टप्पा १: लक्षण नेमके ओळखा

तिघांना एकाच खोलीत बोलवा आणि पुढीलपैकी काय घडते ते लिहून घ्या.

पानच उघडत नसेल किंवा ब्राउझर सुरक्षेचा इशारा देत असेल, तर टप्पा २ आणि ३ पाहा. पान उघडते, पण खोलीत शिरताच "जोडणी तुटली" असे येऊन पान पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर टप्पा ४ कडे जा. दोघांत सगळे ठीक आणि तिसरा येताच आवाज-चित्र बंद होत असेल, तर दोष टप्पा ५ मध्ये आहे, हे जवळजवळ ठामपणे म्हणता येते. बहुतेकांना जमते, पण एखाद्या सरकारी कार्यालयातील किंवा महाविद्यालयातील व्यक्तीलाच जमत नसेल, तर टप्पा ६ पाहा. सगळे जोडले जातात आणि दहा-पंधरा मिनिटांनी आवाज तुटू लागतो, तो पोर्टचा दोष नव्हे. त्यासाठी टप्पा ७ आहे.

"यजमानाची वाट पाहत आहोत" हा संदेश दोषाचा नाही. खोली उघडण्यासाठी पासवर्ड ठेवला असेल तर तो येणारच. या संदेशामुळे फायरवॉल उघडत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

टप्पा २: नाव आणि पत्ता

सर्व्हरचे डोमेन कोणत्या आयपी पत्त्याकडे जाते ते 'डिग' या कमांडने पाहा आणि तो पत्ता खरोखर तुमच्या सर्व्हरचाच आहे का ते ताडून घ्या. ही तपासणी सर्व्हरवरून करू नका, बाहेरच्या फोनच्या जाळ्यावरून करा. सर्व्हरच्या स्वतःच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये ते नाव बहुधा १२७.०.०.१ कडे वळवलेले असते आणि तेथील उत्तर फसवे ठरू शकते.

डोमेनला आयपीव्ही६ ची (नव्या, लांब प्रकारच्या आयपी पत्त्याची) नोंद, म्हणजे 'एएएए' नोंद, आहे का तेही पाहा. जिओच्या मोबाइल जाळ्यावर आयपीव्ही६ सर्रास वापरले जाते. जुन्या सर्व्हरची आयपीव्ही६ नोंद तशीच राहिली असेल, तर वायफायवरच्या माणसाला पान लगेच उघडते आणि मोबाइलवरच्या माणसाला भलतेच पान, उशीर किंवा सर्टिफिकेटचा इशारा दिसतो. आयपीव्ही६ व्यवस्थित मांडलेले नसेल तर ती नोंद काढून टाकणे बरे.

सर्व्हर केंद्राच्या खोलीतच ठेवला असेल, तर येथे आणखी एक प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. राउटरच्या पानावर 'वॅन' या नावाखाली जो पत्ता दिसतो तो, आणि बाहेरची संकेतस्थळे तुमचा म्हणून जो पत्ता दाखवतात तो, हे दोन्ही एकच आहेत का? वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. वॅनचा पत्ता १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तरीही तुमच्या राउटरच्या वर आणखी एक राउटर आहे असे समजावे. या दोन्ही स्थितींत आपल्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवणे) केले तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही.

यावर नेहमीचे उपाय दोन: कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणे, किंवा सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर हलवणे. तालुक्याच्या गावात सर्व्हर ठेवण्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरमधील छोटा सर्व्हर घेणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाला वीज देणारा गावठाण फीडर दुपारी बंद झाला तरी निदान सर्व्हर चालू राहतो आणि ज्यांच्या फोनला रेंज आहे त्यांची बैठक थांबत नाही.

सावधान: घरातील सर्व्हर बाहेर दाखवणाऱ्या 'टनेल' सेवांपैकी बहुतेक फक्त वेब पान पोहोचवतात, यूडीपी पोहोचवत नाहीत. त्या वापरल्यास पान सुंदर उघडते आणि आवाज कधीच जात नाही.

टप्पा ३: सर्टिफिकेट आणि घड्याळ

सुरक्षित जोडणीशिवाय ब्राउझर कॅमेरा आणि माइक देतच नाही. म्हणून आयपी पत्ता टाकून किंवा साध्या एचटीटीपीने पान उघडून केलेली चाचणी ग्राह्य धरू नका.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणारा दाखला) सर्वसाधारणपणे ९० दिवसांचे असते आणि जित्सीच्या नेहमीच्या मांडणीत त्याच्या नूतनीकरणासाठी टीसीपी ८० हा पोर्ट बाहेरून उघडा लागतो. "सगळे ४४३ वरून जाते, मग ८० कशाला" असे म्हणून तो बंद केला की त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघाड पुढच्या तीन महिन्यांत कधीतरी, ऐन बैठकीच्या दिवशी होतो.

संगणकावर बैठक चालते, पण अँड्रॉइडवरील जित्सी अ‍ॅप जोडले जात नाही, अशी तक्रार असेल तर एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये सर्टिफिकेटची कोणती फाइल दिली आहे ते पाहा. मधल्या साखळीसह असलेली 'फुलचेन' फाइल द्यायची असते. फक्त स्वतःचे सर्टिफिकेट दिल्यास संगणकावरील काही ब्राउझर मधला दुवा स्वतः मिळवतात, मोबाइल अ‍ॅप मात्र नकार देते.

तपासणी: 'टाइमडेटसीटीएल' कमांड चालवून घड्याळ आपोआप जुळवले जात असल्याची खात्री करा. वीज वारंवार जाणाऱ्या जागी जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपलेली असेल, तर चालू होताच तारीख काही वर्षे मागे जाते आणि चांगले सर्टिफिकेटही अवैध ठरते.

टप्पा ४: सेवा आणि त्यांची आपसातली ओळख

सर्व्हरवर चार सेवा चालू असल्या पाहिजेत: पान दाखवणारा एनजिनएक्स, निरोपांची देवाणघेवाण करणारा प्रॉसडी, खोली उघडून कोणाला कोणत्या ब्रिजवर पाठवायचे ते ठरवणारा जिकोफो, आणि आवाज-चित्र वाटणारा व्हिडिओब्रिज. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' या कमांडने चारही पाहा. मात्र तेथे हिरवे दिसले म्हणजे त्या एकमेकांशी बोलत आहेत असे नव्हे. ते लॉगमध्येच (सेवा स्वतः लिहीत असलेल्या नोंदींतच) कळते.

१. 'व्हार/लॉग/जित्सी' या फोल्डरमधील जिकोफोचा लॉग उघडा. एकही ब्रिज उपलब्ध नाही अशा अर्थाची ओळ असेल, तर व्हिडिओब्रिज प्रॉसडीकडे नोंदच करू शकलेला नाही.

२. व्हिडिओब्रिजच्या लॉगमध्ये 'नॉट-ऑथराइझ्ड' हे शब्द शोधा. ते सापडले तर पासवर्ड जुळत नाही. डोमेनचे नाव बदलल्यावर किंवा अर्धवट पुन्हा बसवल्यावर हे हमखास होते, कारण जुन्या नावाची खाती प्रॉसडीत राहतात आणि नव्या फाइलीत नवे पासवर्ड येतात.

३. 'प्रॉसडीसीटीएल चेक' ही कमांड चालवा. नावे, सर्टिफिकेट आणि सेटिंगमधील बऱ्याच चुका ती स्वतः दाखवते.

४. दुरुस्तीनंतर सेवा याच क्रमाने पुन्हा सुरू करा: आधी प्रॉसडी, मग जिकोफो, शेवटी व्हिडिओब्रिज.

सावधान: व्हिडिओब्रिज पुन्हा सुरू केला की चालू असलेल्या सगळ्या बैठका तुटतात. दुसऱ्या कोणाची बैठक नाही ना, हे आधी विचारा.

याच टप्प्यातला एक सूक्ष्म दोष सांगतो. आवाज येतो, चित्रही येते, पण ते धूसर राहते आणि बोलणारा बदलला तरी मोठ्या चौकटीतला माणूस बदलत नाही. असे असेल तर ब्राउझर आणि ब्रिज यांच्यातली वेबसॉकेट नावाची, सूचना नेणारी सततची जोडणी अडलेली असते. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये 'कोलिब्री-डब्ल्यूएस' हा भाग आहे का आणि तो सर्व्हरवरील ९०९० या पोर्टकडे वळवला आहे का ते पाहा. स्वतः लिहिलेली एनजिनएक्स फाइल वापरणाऱ्यांकडून हा भाग नेमका सुटतो.

टप्पा ५: यूडीपी १००००

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक येथेच सुटल्या आहेत, म्हणून या टप्प्याला घाई करू नका.

पहिले पाऊल: दोनच फोनांवर ब्रिजची चाचणी घेता येते. बैठकीच्या लिंकच्या शेवटी #कॉन्फिग.पीटूपी.एनेबल्ड=फॉल्स एवढे, अर्थात रोमन अक्षरांत, जोडून दोन्ही फोनांवर तीच लिंक उघडा. आता थेट रस्ता बंद असल्याने दोघांचाही आवाज ब्रिजवरूनच जाईल. आवाज आला नाही तर दोष पक्का झाला. तिसरा माणूस मिळत नसेल तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते.

दुसरे पाऊल: पॅकेट (जाळ्यावरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) सर्व्हरपर्यंत येतात का ते डोळ्यांनी पाहा. सर्व्हरवर 'टीसीपीडम्प' ही कमांड यूडीपी पोर्ट १०००० साठी चालू ठेवा आणि गावाकडच्या माणसाला मोबाइल डेटावरून खोलीत यायला सांगा. येथे तीन शक्यता आहेत.

त्याच्याकडून एकही पॅकेट येत नसेल, तर एक तर वाटेत अडवणूक आहे किंवा ब्रिज त्याला चुकीचा पत्ता सांगत आहे. पॅकेट येतात पण उत्तर जात नसेल, तर सर्व्हरवरीलच फायरवॉल अडवत आहे किंवा व्हिडिओब्रिज त्या पोर्टवर ऐकतच नाही. टीसीपीडम्पला येणारे पॅकेट सर्व्हरच्या फायरवॉलच्या आधी दिसते, हे ध्यानात ठेवा. दोन्ही बाजूंनी पॅकेटांचा अखंड प्रवाह दिसत असेल, तर हा रस्ता मोकळा आहे आणि दोष फोनच्या परवानग्यांत किंवा टप्पा ४ मध्ये शोधावा.

सावधान: ऑनलाइन 'पोर्ट चेकर' बहुधा फक्त टीसीपी तपासतात. 'नेटकॅट' या साधनाने यूडीपी तपासल्यास उत्तर न येताही ते "यशस्वी" म्हणते, कारण यूडीपीमध्ये पोच देण्याची पद्धतच नाही. या दोन्हींवर विसंबून निष्कर्ष काढू नका.

तिसरे पाऊल: अडवणूक कोठे आहे ते बाहेरून आत या क्रमाने शोधा. क्लाउडवर सर्व्हर असेल तर आधी क्लाउडच्या नियंत्रण पानावरील फायरवॉल पाहा; ती सर्व्हरवरील 'यूएफडब्ल्यू' या फायरवॉलपासून पूर्णपणे वेगळी असते आणि दोन्हींत १०००० हा पोर्ट यूडीपी म्हणूनच उघडावा लागतो. नियमाच्या ओळीत "यूडीपी" हा शब्द बोट ठेवून वाचा. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, त्यामुळे तेथे यूएफडब्ल्यूची यादी पाहून काहीच ठरवता येत नाही.

सर्व्हर केंद्रावरच असेल, तर राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग सर्व्हरच्या आजच्या अंतर्गत पत्त्याकडे आहे का ते पाहा. मागील जूनमध्ये एका केंद्रावर वादळात वीज गेली, ती परत आल्यावर राउटरने सर्व्हरला १९२.१६८.१.५० ऐवजी १९२.१६८.१.५७ हा पत्ता दिला, आणि फॉरवर्डिंग जुन्याच पत्त्याकडे पॅकेट पाठवत राहिले. सर्व्हरसाठी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते बसवण्याच्या दिवशीच करा.

चौथे पाऊल: ब्रिज स्वतःचा पत्ता काय सांगतो ते तपासा. हा भाग सर्वांत जास्त चुकतो. नॅटमागे (सार्वजनिक पत्ता राउटरकडे आणि स्वतःकडे फक्त अंतर्गत पत्ता, अशा मांडणीत) असलेल्या सर्व्हरला स्वतःचा अंतर्गत पत्ताच ठाऊक असतो. त्याने तोच फोनला सांगितला, तर घाटंजीतला फोन १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आपल्याच घरात शोधत बसतो. संगणकावरील क्रोममध्ये 'क्रोम://वेबआरटीसी-इंटर्नल्स' हे पान उघडा, दुसऱ्या टॅबमध्ये बैठकीत जा, आणि समोरच्या बाजूच्या कँडिडेटांची, म्हणजे जोडणीसाठी सुचवलेल्या पत्त्यांची, यादी पाहा. त्यांत सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता १०००० या पोर्टसह दिसला पाहिजे. फक्त अंतर्गत पत्ता दिसत असेल, तर दोष सापडला.

दुरुस्ती अशी. 'ईटीसी/जित्सी/व्हिडिओब्रिज' फोल्डरमधील 'जेव्हीबी.कॉन्फ' फाइलीत, 'आइसफोरजे' या विभागाखाली 'स्टॅटिक-मॅपिंग्ज' लिहून अंतर्गत आणि सार्वजनिक असे दोन्ही पत्ते द्यावेत, उदाहरणार्थ अंतर्गत १९२.१६८.१.५० आणि सार्वजनिक २०३.०.११३.२५. जुन्या आवृत्तीत हेच काम 'सिप-कम्युनिकेटर.प्रॉपर्टीज' या फाइलीतील 'नॅट_हार्वेस्टर' हे शब्द असलेल्या लोकल आणि पब्लिक पत्त्याच्या दोन ओळी करतात. डॉकरमध्ये 'जेव्हीबी_अ‍ॅडव्हर्टाइझ_आयपीज' या चलात पत्ता द्यावा. बदलानंतर व्हिडिओब्रिज पुन्हा सुरू करा.

येथील नेहमीच्या चुका: लोकल आणि पब्लिक पत्त्यांची अदलाबदल, इंटरनेटवरच्या एखाद्या उदाहरणातील पत्ता तसाच चिकटवणे, जुन्या आणि नव्या दोन्ही फाइलींत वेगवेगळे पत्ते ठेवणे, आणि जोडणीचा सार्वजनिक पत्ता राउटर बंद-चालू झाल्यावर बदलतो हे विसरणे.

पाचवे पाऊल, फक्त सर्व्हर केंद्रात असल्यास: बाहेरच्यांना सगळे ऐकू येते आणि सर्व्हरच्याच वायफायवर बसलेल्यांना मात्र नाही, असे होऊ शकते. अनेक स्वस्त राउटर आतून निघालेले पॅकेट सार्वजनिक पत्त्यावरून पुन्हा आत वळवू शकत नाहीत. मॅपिंगमध्ये अंतर्गत पत्ताही दिलेला असेल तर आवाजाचा प्रश्न सुटतो. पानही उघडत नसेल तर त्या वायफायपुरते डोमेनचे नाव अंतर्गत पत्त्याकडे वळवावे लागते.

तपासणी: तीन उपकरणे, तीन जाळी, पाच मिनिटे. तिघांनीही आळीपाळीने बोलून दाखवल्याशिवाय हा टप्पा संपला असे मानू नका.

टप्पा ६: टर्न सर्व्हर, ज्यांच्याकडे यूडीपीच बंद आहे त्यांच्यासाठी

काही कार्यालयांची जाळी बाहेर जाणारे यूडीपी पूर्ण अडवतात. कृषी अधिकारी किंवा एखादे शास्त्रज्ञ आपल्या कार्यालयातून बैठकीत येतात तेव्हा हा अनुभव येतो, आणि नेमका त्यांचाच आवाज ऐकायला सगळे जमलेले असतात. अशांसाठी कोटर्न हा टर्न सर्व्हर, म्हणजे मध्यस्थ, टीसीपी ५३४९ वर सुरक्षित जोडणी घेऊन पॅकेट पुढे पोहोचवतो. त्यासाठी ५३४९ टीसीपी आणि ३४७८ यूडीपी हे पोर्ट उघडे असले पाहिजेत.

कोटर्न चालू असूनही काम करत नाही, याची दोन कारणे मला पुन्हा पुन्हा सापडली. पहिले, कोटर्नच्या फाइलीतील गुप्त शब्द आणि प्रॉसडीच्या फाइलीतील गुप्त शब्द वेगवेगळे असतात. दुसरे, कोटर्न ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला सर्टिफिकेटची खासगी किल्ली वाचण्याची परवानगीच नसते. सेवा हिरवी दिसते आणि सुरक्षित जोडणी मात्र कधीच होत नाही. नूतनीकरणानंतर कोटर्न पुन्हा सुरू न केल्यास तो जुनेच सर्टिफिकेट दाखवत राहतो, हेही त्याच कुळातले.

चाचणी घरबसल्या करता येते. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:कॉन्फिग' उघडून 'मीडिया.पीअरकनेक्शन.आइस.रिले_ओन्ली' हे मूल्य 'ट्रू' करा आणि बैठकीत जा. आता फायरफॉक्स फक्त मध्यस्थामार्फतच जाईल. आवाज आला तर टर्न ठीक आहे. चाचणी झाल्यावर ते मूल्य पूर्ववत करायला विसरू नका.

कार्यालयात ४४३ सोडून सगळेच बंद असेल, तर ५३४९ चाही उपयोग होत नाही. टर्नसाठी वेगळा आयपी घेऊन तो ४४३ वर चालवणे हा खरा उपाय आहे, पण महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी तेवढा खटाटोप करण्यापेक्षा त्यांना मोबाइल डेटावरून येण्याची विनंती करावी.

टप्पा ७: जोडणी होते, पण टिकत नाही

येथे हिशेब करावा लागतो. जित्सीत १८० ओळींच्या लहान चित्राला साधारण २०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट; हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), ३६० ला ५०० केबीपीएस आणि ७२० ला २५०० केबीपीएस लागतात. बारा केंद्रांनी कॅमेरे चालू ठेवले आणि सगळी चित्रे लहानच धरली, तरी प्रत्येक केंद्राला अकरा चित्रे, म्हणजे २.२ एमबीपीएस डाउनलोड लागतो आणि सर्व्हरला बाराही केंद्रांसाठी मिळून २६ एमबीपीएसहून अधिक अपलोड. केंद्रातल्या जोडणीचा डाउनलोड कितीही असो, सर्व्हरसाठी मोजायचा तो अपलोड. तो मोजला नसेल तर पोर्ट तपासण्यात दिवस घालवू नका.

आमच्याकडे नियम साधा आहे: बोलणाऱ्याचा कॅमेरा चालू, बाकी सगळ्यांचे बंद. बारा केंद्रांना एकच चित्र ३६० ओळींत पाठवायला ६ एमबीपीएस पुरतात. 'कॉन्फिग.जेएस' फाइलीत रिझोल्यूशन ३६० वर आणता येते, 'चॅनललास्टएन' ने एका वेळी किती चित्रे पाठवायची ती मर्यादा घालता येते, आणि 'स्टार्टऑडिओओन्ली' ने सगळ्यांना आधी फक्त आवाजावर आणता येते. मेळघाटासारख्या भागात, जेथे रेंज मुळातच कमी, तेथे केवळ आवाजाची बैठक पूर्ण होणे हे तुटक चित्रापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

सर्व्हरची मेमरीही पाहा. लहान बैठकांना ४ जीबी पुरते, नियमित कामासाठी ८ जीबी असावी. २ जीबीच्या सर्व्हरवर मेमरी संपली की लिनक्स बहुधा व्हिडिओब्रिजच बंद पाडतो. मग सगळ्यांना एकाच क्षणी "जोडणी तुटली" दिसते. सगळे एकदम तुटले की सर्व्हर पाहावा, एकेक करून तुटले की त्या त्या गावाचे जाळे पाहावे.

शेवटची चाचणी: वीज घालवून

दुरुस्ती झाल्यावर सर्व्हर क्लाउडवर असेल तर तो रीबूट करा. केंद्रावर असेल तर राउटर आणि सर्व्हर दोन्ही व्यवस्थित बंद करून दहा मिनिटे तसेच ठेवा आणि मग, कोणत्याही सेवेला हात न लावता, वीज आल्यावर जसे आपोआप सुरू होतील तसे सुरू होऊ द्या. नंतर घड्याळ, अंतर्गत पत्ता, सार्वजनिक पत्ता आणि चारही सेवा या क्रमाने पाहा, आणि तीन जाळ्यांवरील तीन फोन पुन्हा खोलीत आणा. हाताने चालवलेली एखादी कमांड, जी फाइलीत लिहायची राहून गेली, ती याच वेळी उघडी पडते. ती सापडली तर फाइलीत लिहा, वहीत नोंदवा आणि वीज घालवण्याची चाचणी पहिल्यापासून पुन्हा करा.